हरलेली आवृत्ती
काउचडीबी या डेटाबेसवर बांधलेले छोटे अ‍ॅप्लिकेशन आज दोन यंत्रांवर चालवून पाहिले. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टच्या फायली डिझाइन डॉक्युमेंटला (डेटाबेसमध्येच राहणाऱ्या, कोड ठेवण्याच्या खास नोंदीला) जोडलेल्या असल्यामुळे रेप्लिकेशन, म्हणजे एका यंत्रावरचा डेटाबेस दुसऱ्यावर उतरवणे, पूर्ण होताच माहितीबरोबर अ‍ॅप्लिकेशनही पलीकडे पोहोचले. मग मुद्दाम जोडणी तोडून एकच नोंद दोन्हीकडे बदलली. पुन्हा जोडल्यावर कोणतीही त्रुटी दिसली नाही, आणि तेच मला खटकले: दोन्ही आवृत्त्या जपल्या जातात, पण ज्या आवृत्तीमागे बदलांचा इतिहास लांब असतो तिला, आणि तो सारखा असल्यास आवृत्ती-क्रमांकांची तुलना करून एकीला, विजयी मानले जाते. घड्याळाचा यात काहीच संबंध नाही. नंतर केलेला बदल जिंकतो, असे मी सकाळपर्यंत समजत होतो. हरलेली आवृत्ती मात्र मागितल्याशिवाय दिसत नाही. संध्याकाळ ती शोधून दोन्ही एकत्र करणारा कोड लिहिण्यात गेली.