बालाघाटाचं पाणी: कधी बघावं, कुठं उतरावं

जुलैत सातारा-महाबळेश्वरकडचे धबधब्यांचे फोटो मोबाईलवर यायला लागले की सोलापुरातली पोरं गाड्या काढून नळदुर्गला जातात आणि कोरडा बंधारा बघून परत येतात. बालाघाटाच्या डोंगररांगेचं गणित सह्याद्रीसारखं नाही. आपण पर्जन्यछायेतली माणसं. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. मृगात, आर्द्रात पडतो तो काळ्या रानाच्या भेगांत जिरून जातो. ओढे नीट वाहायला लागेपर्यंत पोळा झालेला असतो. खरं पाणी उत्तरा आणि हस्तात. म्हणून आम्ही हा फेरा गणपती उठल्यावर काढला: सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, येडशी, आणि परतताना बार्शी-वैराग. मुक्काम धाराशिवला.

नळदुर्गला निघण्याआधी एकच चौकशी करायची: वरच्या बोरी धरणाचा सांडवा सुटलाय का? किल्ल्यातला बंधारा त्या धरणाच्या खालच्या अंगाला आहे. धरण भरून पाणी खाली आल्याशिवाय बंधाऱ्यावरून पडणारे नर आणि मादी हे दोन धबधबे चालू होत नाहीत, नळदुर्गात कितीही कोसळला तरी. एखाद्या वर्षी धरण भरतच नाही, मग त्या वर्षी धबधबाही नाही. स्थानिक बातम्यांत धरण भरल्याचं येतंच, पण हैदराबाद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरची खबर जास्त ताजी. ‘मालक, कालपासून दोन्ही चालू हायत,’ एवढं कानावर आलं की पुढं जायचं. नाहीतर किल्ला बघायचा आणि धबधब्याची आशा सोडायची. किल्लाही कमी नाही. उपळी बुरजावर पडलेल्या लांबलचक तोफा आणि नऊ पाकळ्यांचा बुरूज एवढं बघायलाच सकाळ जाते. बुरजाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी खालूनच बघावं.

बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 च्या सुमाराचा. बोरी नदी अडवून किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा छोटा किल्ला त्यानं जोडलेत, आणि भिंतीच्या पोटात पाणीमहाल ठेवलाय. पाणी भिंतीवरून वाट्टेल तिथून सांडत नाही, ठरवलेल्या जागांवरूनच पडतं. त्यामुळं पूर डोक्यावरून चाललेला असताना आतली खोली कोरडी राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना सलाम करावा असंच काम आहे. पाणी कमी असताना खाली उतरून खिडकीतून बघता येतं. पाणी जोरात असलं की उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे: पायऱ्या अरुंद, ओल्या, आणि वरून येणाऱ्याला खालून येणारा दिसत नाही. तिथं कठड्यापाशी वाद घालणारी माणसं बघितली की चीड येते. लांबून आलोय म्हणून दगड कमी निसरडा होत नाही.

बंधाऱ्याखालच्या डोहात उतरायचा विचारसुद्धा करू नये. उंचावरून पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा खाली नेतं, त्यामुळं धबधब्याच्या पायथ्याशी पांढरा फेस दिसतो. त्या फेसाळ पाण्यात अंग तरंगत नाही, चांगला पोहणारासुद्धा खाली जातो. शिवाय वरचा थर उलटा फिरून धबधब्याकडेच ओढत असतो. बाहेर यायला हात मारतो तो माणूस जागच्या जागी दमतो. ‘आम्हाला पोहता येतं’ म्हणणारेच अशा ठिकाणी जास्त अडकतात, कारण पोहता न येणारा मुळात उतरतच नाही.

तुळजापुरात दर्शन आणि जेवण. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या. तो दोनशे मीटरचा चढ म्हणजेच बालाघाटाची कड, आणि घाट चढल्यावर हवेतला फरक गाडीच्या काचेतूनही कळतो.

धाराशिवची लेणी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. एकूण सात, पाचव्या ते सातव्या शतकातली. आधी बौद्ध आणि मग जैन, की सुरुवातीपासून जैन, यावर अभ्यासकांचा वाद आहे. चालणं थोडंच आहे, पण ऊन चढायच्या आत जावं. सावली फक्त लेण्यांच्या आत मिळते.

मग येडशीचं रामलिंग. या फेऱ्यातली सगळ्यात चांगली जागा हीच, आणि माणसांनी सगळ्यात वाईट वागवलेलीही हीच. सुमारे 22 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1997 साली जाहीर झालेलं. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी पूर्वी याच घाटातून धापा टाकत चढायची. वरून सपाट माळ, आणि अचानक पायऱ्या खाली दरीत उतरायला लागतात. तळाशी ओढ्याच्या वळणात देऊळ, मागे कडा, आणि पावसाळ्यात त्या कड्यावरून पडणारं पाणी. रामानं जटायूसाठी बाण मारून पाणी काढलं ते इथंच, असं सांगतात. श्रावणी सोमवारी आणि रविवारी पायऱ्यांवर खांद्याला खांदा लागतो. मंगळवार-बुधवारी सकाळी गेलं तर मोराचा आवाज ऐकू येतो.

इथला कडा नीट बघितला तर पोहण्याविषयी सगळं कळतं. बालाघाट म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. वरचा थर टणक काळा, त्याखाली मध्येच गेरूसारखा लाल, मऊ थर. पाणी लाल थर पोखरतं, वरचा टणक दगड छपरासारखा पुढे राहतो, आणि आधार संपला की तुटून खालच्या डोहात पडतो. म्हणजे डोहाच्या तळाशी गोल गोटे नसतात, कोन्यांचे धोंडे असतात. गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. वरून सूर मारणाऱ्याची मान त्यातल्याच एखाद्यावर आदळते. छपराच्या खाली उभं राहून सेल्फी काढणाऱ्याच्या डोक्यावर काय टांगलंय, तेही त्यानं एकदा मान वर करून बघावं.

आम्ही गेलो तेव्हा बरोबर त्या छपराखाली घोळकाच्या घोळका उभा होता, कडेवर लहान मुलं घेऊन. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, आणि सांगणाऱ्याला ‘तुम्ही नका येऊ’ असं उत्तर मिळत होतं. या गर्दीला पाऊस दिसत नाही, कारण तो इथं पडतच नसतो. पाणलोट वरच्या माळावर आहे. दोन-चार किलोमीटरवर ढग फुटला तर दरीत ऊन असतानाही लोंढा येतो. खुणा ठरलेल्या आहेत. निवळ पाणी एकाएकी चहाच्या रंगाचं होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, धबधब्याचा आवाज जाड होतो, काठावरचा ओला पट्टा वर सरकतो. यातली एक जरी दिसली तरी चप्पल, मोबाईल, डबा शोधत बसू नये. पायऱ्यांच्या बाजूला, उंचावर निघायचं. पलीकडच्या काठावर अडकलात तर तिथंच उंच जागी बसून राहावं. छोट्या ओढ्याचा लोंढा बहुतेक वेळा काही तासांत ओसरतो. परतायची घाई जिवावर बेतते.

देवळाच्या खालच्या अंगाला, पाणी पसरट होतं तिथं, पाय सोडून बसायला आणि पोरांना डुंबायला जागा आहे. पाणी मोठ्या माणसाच्या घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली असेल तिथपर्यंतच. चालताना कोरडा दिसणारा काळा गुळगुळीत दगड टाळायचा, त्यावर शेवाळाचा पातळ पापुद्रा असतो. वाळू आणि बारीक गोट्यांवरून पाय टाकावा. रबरी स्लीपर सगळ्यात वाईट: भिजली की आत पाय घसरतो आणि बाहेर चप्पल. जुने कॅनव्हासचे बूट घालून त्यावरून जाड सुती मोजे चढवले तर शेवाळावर पकड चांगली मिळते. दिसायला विचित्र, पण काम चोख. ओढा ओलांडताना तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडायचंच नाही.

माकडांना प्लॅस्टिक पिशवीचा आवाज लांबूनही कळतो. खाणं सॅकमध्ये, सॅक छातीवर. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा हे या वाटेवरचं सगळ्यात शहाणं जेवण, कारण ते दोन दिवस विटत नाही आणि सांडलं तरी गोळा करता येतं. चिप्सच्या रिकाम्या पिशव्या मात्र ओढ्याच्या प्रत्येक वळणाला अडकलेल्या होत्या.

ज्यांना खरंच पोहायचंय त्यांनी धबधब्याचा नाद सोडून विहीर शोधावी. बार्शी-वैरागच्या पट्ट्यात ओळखीच्या शेतकऱ्याची पायऱ्यांची जुनी विहीर मिळाली तर त्यासारखं सुख नाही. पाणी स्थिर, तळ माहितीचा, बाहेर यायला वाट. मात्र सिमेंटच्या कड्यांच्या किंवा सरळ भिंतीच्या विहिरीत उतरू नये, दमल्यावर धरायला काही नसतं. आणि सगळ्यात आधी मोटर बघायची. विहिरीत लोंबणारी केबल, तिला मध्येच मारलेला जोड, त्यावर गुंडाळलेली टेप. तो जोड पाण्याला टेकला आणि वीज चालू असली तर सगळ्या विहिरीत करंट उतरू शकतो. स्टार्टर बंद दिसतो म्हणून भरवसा ठेवू नये. शेतीची लाइट पाळीनं येते, म्हणून बहुतेकांनी ऑटो स्विच बसवलेला असतो, आणि लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. ‘काका, जरा फ्यूज काढून ठेवता का?’ असं सरळ विचारायचं. काढलेले फ्यूज पोहणं होईपर्यंत खिशात राहू द्यायचे. शेतकऱ्याला याचं काही वाटत नाही, त्याच्या घरचीही पोरं त्याच विहिरीत पडतात.

शिकणाऱ्याच्या पाठीला पाच लिटरचा रिकामा डबा, झाकण घट्ट, दोरी छाती आणि काखेतून. कमरेला बांधला तर डबा वर येतो आणि डोकं खाली जातं. काठावर आणखी एक डबा, पंधरा मीटर दोरी बांधून, तयार ठेवायचा. कुणी गटांगळ्या खायला लागलं तर तो फेकायचा, मागे उडी टाकायची नाही. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो. जेवून लगेच उतरू नये, आणि जीन्स घालून तर अजिबात नाही.

फेरा लांबवायचा असेल तर येडशीहून बीडकडे मांजरसुंब्यापर्यंत जाऊन कपिलधार गाठावं. वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. सोलापूरचे वीरशैव भाविक कार्तिकात इथं चालत जातात, तेव्हा वाट विचारायची गरज पडत नाही. यात्रेच्या दिवसांत मात्र कुंडापाशी पाय ठेवायला जागा नसते. वाटेत सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा घ्यावा, खव्याचा वास हातावर तासभर राहतो.

तारीख ठरवताना कोजागिरी बघून घ्या. त्या दिवसांत लाखो लोक सोलापुराहून तुळजापूरला चालत जातात आणि रस्ता वाहनांना बंद ठेवून वाहतूक दुसरीकडून वळवतात. धबधब्यांचा हंगाम आणि हा बंद नेमके एकमेकांवर येतात. अशा वेळी तुळजापूर सोडून द्यावं, सोलापूर-वैराग-बार्शी-येडशी असं जाऊन रामलिंग बघावं आणि त्याच रस्त्यानं परतावं. नळदुर्गचा हैदराबाद रस्ता वेगळा आहे, पण वळवलेल्या गाड्या तिकडंही येतात, तेव्हा पहाटेच निघालेलं बरं.