फॉर्च्युनर किती देते? तुम्ही विचारलंत म्हणून

पंपावर मागच्या रांगेतला विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, आणि गाडी धुवायला लावली की तिथला पोरगा हमखास विचारतो, "दादा, किती देती?" गाडी टोयोटा फॉर्च्युनर, 2755 सीसीचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक, फोर बाय टू, म्हणजे चारपैकी दोनच चाकांना इंजिनाची ताकद. उत्तर सरळ आहे. साताऱ्यात गावातल्या गावात लिटरला आठ-साडेआठ किलोमीटर, हायवेला शहाण्यासारखी चालवली तर बारा-साडेबारा, महिन्याची गोळाबेरीज अकराच्या आसपास. ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच पडतो. "एवढंच?"

म्हणून हल्ली मी फेरीचा हिशोब सांगतो. सातारा ते स्वारगेट जाऊन-येऊन एकोणीस लिटर. वाईवरून पाचगणी जाऊन-येऊन साडेआठ. माझ्या मते मोठ्या डिझेल गाडीचा हिशोब असाच धरावा, कारण "लिटरला किती" हा आकडा नेमका अशाच गाडीत फसवतो. एखादी छोटी गाडी 18 ऐवजी 20 देऊ लागली तर शंभर किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या थोडंसं वर वाचतं. माझी 10 ऐवजी 12 देऊ लागली तर तेवढ्याच अंतरात जवळजवळ पावणेदोन लिटर वाचतं. दोन्हीकडे फरक दोनचाच, पण खिशातला फरक तिप्पट. "एवढी मोठी गाडी घेतली, आता एक-दोन किलोमीटरचं काय घेऊन बसलाय," असं म्हणणाऱ्यांना हे पटवून देणं कठीण जातं. उलट एक-दोन किलोमीटरचं घेऊन बसायला हीच गाडी योग्य.

पुण्याच्या रस्त्याचंच बघा. जाताना गाडी जास्त देते, येताना कमी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, सातारा त्याहून दीडशे मीटर तरी वर. शिवाय जाताना खंबाटकीला बोगदा मिळतो, येताना आख्खा घाट चढावा लागतो. पण खरा फरक वेगाचा. गाडी 1855 मिलिमीटर रुंद आणि 1835 उंच, म्हणजे समोरून पाहिलं तर जवळजवळ चौकोनी भिंतच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 चे 120 केले तर वेग दीडपट होतो, पण रोध सव्वादोनपट. माझ्या गाडीचा अनुभव असा, की 80 ला धरली तर चौदा, 100 ला बारा, आणि 120 ला दहा मिळाले तरी नशीब. 80 आणि 100 मध्ये शंभर किलोमीटरला पंधरा मिनिटं जातात. अडचण निराळीच आहे. साताऱ्यात फॉर्च्युनर म्हटली की आत कुणीतरी पुढारी असणार आणि त्याला उशीर झालेला असणार, अशी लोकांची समजूत. 80 ने जाणारी फॉर्च्युनर दिसली की मागचा शेजारून जाताना वाकून बघतो, ड्रायव्हरला बरं आहे ना.

कराडच्या बाजूला गेलं की गणित बदलतं. शेंद्र्यापासून पुढे सहापदरीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, आणि ऊसतोडणी सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. इथे वजन आडवं येतं. माणसं-सामान धरून सव्वादोन-अडीच टनांचा ऐवज 80 वरून थांबवला आणि परत 80 ला नेला, की नुसत्या त्या उचलीला 50 मिलिलिटरच्या आसपास डिझेल लागतं, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग. असे वीस कटिंग झाले की लिटर गेलं. त्यामुळे ट्रॅक्टर दिसला की मी लांबूनच पाय काढतो आणि गाडी आपोआप हळू होऊ देतो. ब्रेक दाबून मग जोरात बाहेर काढण्यात ऐट आहे, बाकी काही नाही.

घाटाबद्दल मात्र लोकांचा समज अगदी उलटा असतो. वाई ते पाचगणी पसरणी घाटाने बारा-तेरा किलोमीटर, चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. अडीच टन वजन एवढं उंच उचलायला सुमारे 14 मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये 36 मेगाज्यूल असतात, पण त्यातले एक तृतीयांशाच्या जरा वर चाकापर्यंत पोचतात, बाकीचे उष्णता होऊन जातात. म्हणजे निव्वळ चढाचं एक लिटर आणि रस्त्याचं एक लिटर, असं वर जाईपर्यंत दोन लिटर संपतं. सहा देते म्हणून लोक कपाळाला हात लावतात. पण ती उंची वाया गेलेली नसते. येताना तीच उंची गाडीला खाली आणते आणि डिझेल जवळजवळ लागतच नाही. पूर्ण फेरीला दहा-अकराचा आकडा निघतो. जे हातचं जातं ते वळणांवर ब्रेक तापवण्यात.

पण हे मिळतं ते गाडी गिअरमध्ये असेल तरच. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजून आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडायचंच बंद करतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला डिझेल प्यावं लागतं. म्हणजे खर्च जास्त, आणि गाडी धरून ठेवायला एकटे ब्रेक. पसरणीच्या वळणांवर अडीच टन एकट्या ब्रेकवर सोडणं म्हणजे दिवाळखोरीच. मी दुसरा-तिसरा गिअर लावून उतरतो.

गावातलं थोडक्यात. पोवई नाक्यावरून राजवाड्याला जायचं, दहा मिनिटांत परत, इंजिन गरमच होत नाही. वर एसी लावून कुणाची तरी वाट बघत उभं राहायचं. तासाभरात लिटरभर तसंच जातं, गाडी जागची हललेली नसताना. शिवाय धुराचे बीएस-6 नियम आल्यापासून, म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून, डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला अधूनमधून जास्तीचं डिझेल लागतं आणि सलग मोकळा रस्ताही लागतो. फक्त मंडई आणि शाळा एवढंच करणाऱ्याने मोठी डिझेल घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो.

मग कंपनीचा आकडा खोटा का? खोटा नाही. चाचणी रोलरवर होते, एसी बंद, 1180 सेकंदांत साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर आणि कमाल वेग 90. त्यात खंबाटकी नाही, ऊस नाही, मागच्या सीटवर आत्याबाई आणि डिकीत तांदळाचं पोतंही नाही. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला तो आकडा चांगला. घरखर्चाला उपयोगाचा नाही.

आता आमचे दाजी. त्यांचीही हीच गाडी, आणि ती सोळा देते असं ते चारचौघांत सांगतात. समोरच्या पडद्यावर सोळा दिसत असेलही. पाचगणीत ट्रिप शून्य करून वाईत पडदा बघितला तर माझीही चाळीसच्या वर दाखवते. साध्या रस्त्यालासुद्धा माझा पडदा अर्धा-पाऊण किलोमीटर चढवूनच सांगतो. खरं मोजायचं तर नॉझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी फुल करायची, ट्रिप शून्य करायची, निदान चार-पाचशे किलोमीटर चालवायची आणि त्याच पंपावर, त्याच मशीनवर परत तशीच फुल करायची. दहा लिटरवर मोजलंत तर एका लिटरची चूक दहा टक्के होते, 50 लिटरवर दोनच टक्के. टाकी 80 लिटरची आहे, म्हणून हे जमतं. दाजींना मी हे दोनदा समजावलं. ते म्हणाले, "फुल कोण करतंय? मी दोन हजाराचं टाकतो."