व्हिडिओतून फोटो : आत्याचं लग्न झालं, आता विसर्जन

गेल्या नोंदीत व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवण्यापर्यंत आलो होतो. आता त्यातून छापण्यालायक फोटो निघायला लागलेत. आत्याच्या लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात गेला आणि शिल्लक राहिली ती शूटिंगवाल्याची कॅसेट, त्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात केली.

आपल्याकडचा जुना व्हिडिओ पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम. पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोघींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. व्हिडिओ थांबवून सरळ स्नॅपशॉट घेतला तर एका चित्रात दोन क्षण येतात आणि हललेल्या हाताच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. म्हणून आधी डीइंटरलेसिंग, म्हणजे दोन्ही फील्ड वेगळी करून प्रत्येकाचं पूर्ण चित्र बनवणं, तेही सेकंदाला 50 चित्रं मिळतील असं. सलग काम असेल तर त्यासाठीची क्यूटीजीएमसी ही स्क्रिप्ट वापरतो. हळू चालतं, पण कडा नीट राखतं. नुसती चाळणी करायची असेल तेव्हा एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर पुरतो.

फील्डचा क्रम मात्र तपासून घ्या. डीव्हीमध्ये (मिनीडीव्ही टेपवरचा डिजिटल व्हिडिओ) खालचं फील्ड आधी असतं, कॅप्चर कार्डातून (कॅसेटचा सिग्नल कॉम्प्युटरवर घेणारं कार्ड) आलेल्या व्हीएचएसमध्ये बहुतेकदा वरचं. क्रम चुकला की माणसं पुढे-मागे थरथरत चालतात, ते लगेच कळतं.

व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे सरकता येतं, पण मी तो नाद सोडला. हव्या त्या चार-पाच सेकंदांची सगळी चित्रं पीएनजीमध्ये एका फोल्डरला काढतो आणि बाणाच्या बटणांनी पुढे-मागे बघतो. निवड करताना मी चेहऱ्यापेक्षा हालचाल बघतो. कोणतीही हालचाल दिशा बदलताना क्षणभर थांबते, आणि बहुतेक वेळा धारदार चित्र तिथेच सापडतं.

मंगलाष्टकांनी चांगलाच हात दिला. अंतरपाटामागे नवरा-नवरी हार हातात धरून बराच वेळ जवळपास निश्चल उभे असतात. सलग 25 चित्रं घेतली, ह्यूगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमधल्या अलाइन साधनाने एकावर एक बसवली (शूटिंगवाल्याचा खांदा हलतच असतो) आणि सरासरी काढली. अशा सरासरीत नॉइज (चित्रातली खरखर) चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 25 चित्रांत साधारण पाचव्या हिश्श्यावर. व्हीएचएसच्या रंगांचे डाग इतके शिस्तीत जात नाहीत, तरी शालूची जर पहिल्यांदाच जर म्हणून दिसली. गंमत अशी की 'सावधान'च्या वेळचा तुकडा घेतला तर सरासरीत अक्षता गायब! लग्नात अक्षताच नाहीत म्हणजे काय? मग चेहरे सरासरीतले ठेवले आणि वरचा भाग एकाच फील्डमधला जोडला. तिथे दाणे दाणेदार आहेत, चालायचंच.

एआयवाल्या अपस्केलिंगबद्दल (एआयने चित्र मोठं आणि स्पष्ट करणं) अनेकांनी विचारलं होतं. करून पाहिलं. नथ त्याला कचरा वाटली, तिचे मोती ओठांवरच्या सावलीत मिसळून टाकले आणि आत्याला नवे कोरे दात दिले. चेहरा सुंदर आला, फक्त आमच्या घरातला नव्हता. पार्श्वभूमीतल्या भिंतीला वापरा हवं तर. चेहऱ्यांना मी लावणार नाही.

छपाईचा हिशोब. 720×576 चं चित्र चौकोनी पिक्सेलसाठी 768×576 करून घ्यायचं, नाहीतर सगळे उभट दिसतात. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) त्याचा आकार भरतो जेमतेम साडेसहा बाय पाच सेंटीमीटर. 150 ला तेरा सेंटीमीटर रुंदी मिळते, आणि हातभर अंतरावरून ते खपतं. त्याहून मोठं करायचा हट्ट नको. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात साधारण 240 ओळींचाच.

मिनीडीव्हीवरचं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरचं गणपती विसर्जन मात्र सुखाचं काम आहे. फायरवायर केबलने टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो (तासाला साधारण 13 जीबी, जागा ठेवा) आणि डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे कॉम्प्रेस होते. मोबाइलच्या व्हिडिओसारखा आधीच्या-नंतरच्या फ्रेमवर तिचा भार नसतो. ढोलवाल्यांचे फोटो टिपरू सर्वांत वर असतानाच काढावेत, खाली येताना हात धूसर होतो. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याचा शटर वेगवान झालाय, त्यामुळे गुलालाचे कणही वेगळे दिसतात. टिळक चौकात पोचेपर्यंत अंधार पडला आहे आणि तिथले फोटो जवळपास सोडून दिलेत. त्यातला एकच घेतला, पताकाधारी मुलगा पाणी प्यायला थांबलाय तो.

पुढे हाय-एटच्या (जुन्या हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट) टेपा आहेत. दोघींवर पांढरी बुरशी दिसते, पुण्यातल्या पावसाळ्यांची कृपा. त्या तशाच कॅमेऱ्यात घातल्या तर टेप वाचणाऱ्या हेडलाही लागण होते, म्हणून आधी सफाई. जुन्या बाजारात हाय-एट कॅमेरे दिसतात, पण टेप खरंच फिरते का हे तिथे कोण दाखवणार? कुणाकडे चालू स्थितीतला असेल तर कळवा, बॅटरीची सोय मी करतो.