शंकरपटाचा पंच आणि इंग्रजीचा तास

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. पहिलीपासून ते शिकवण्याचा निर्णय महाराष्ट्रात २००० साली अमलात आला, तोवर आमची पिढी शाळा सोडून कामधंद्याला लागली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या या गावात इंग्रजी अक्षरे दिसायची ती खताच्या पोत्यावर नाहीतर फवारणीच्या औषधाच्या डब्यावर. त्यामुळे नववीत एकाच धातूपासून निघालेले, दिसायला जवळजवळ सारखे शब्द समोर आले की सगळा वर्ग गडबडून जाई. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने, आमच्या इंग्रजीच्या सरांनी हा गुंता कसा सोडवला, तेवढेच लिहितो.

सर अर्थ पाठ करून घेत नसत. फळ्यावर मधोमध रेघ ओढून ते दोन शब्द दोन बाजूंना लिहीत आणि म्हणत, ‘असं वाक्य सांगा, की ज्यात हा बसेल आणि तो बसवला तर हसू येईल.’ श्रावणातली जी झड दोन-दोन दिवस क्षणभरही उघडत नाही ती कंटिन्युअस, आणि जाते, येते, पुन्हा जाते अशा विजेचा खोळंबा कंटिन्युअल. सरकारच्या एकाधिकार खरेदीत कापसाला मिळणारा भाव हा इकॉनॉमिक प्रश्न, तर त्याच पैशात वर्षभराचा संसार काटकसरीने चालवणारी आई इकॉनॉमिकल. १९३० सालचा पुसदचा जंगल सत्याग्रह हिस्टॉरिक, कारण त्याने इतिहासात जागा मिळवली. तलाठ्याच्या दप्तरातला जुना कागद नुसता हिस्टॉरिकल.

सर्वांत रंगला तो डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेडचा तास. दोन्हींचा अर्थ ‘रस नसलेला’ असाच आम्ही धरून चाललो होतो. सरांनी शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, पंच उभा केला. पट सुटला आहे, जोड्या उधळल्या आहेत, आणि पंच मांडवाखाली डुलक्या घेतो आहे, तर तो अनइंटरेस्टेड. असा पंच कोणाला हवा? याउलट ज्याची नजर रेषेवरून हलत नाही, पण धावणाऱ्या कोणत्याही जोडीत ज्याचा भाऊबंद, पैसा किंवा गावकी गुंतलेली नाही, तो डिसइंटरेस्टेड. म्हणजे पंचाला पटात रस पुरेपूर हवा, हितसंबंध मात्र नको. इंटरेस्ट या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मध्ये असणे’ असा आहे, हे सरांनी त्याच ओघात सांगितले. पुढे वाचनात आले, की सतराव्या शतकात खुद्द इंग्रजीतच हे दोन शब्द एकमेकांच्या अर्थाने वापरले जात होते. ते वाचून नववीतल्या आमच्या गोंधळाची लाज पुष्कळ कमी झाली.

मुळाचे सरांना वेड होते, पण मूळ कळले म्हणजे फरक कळला असे होत नाही, असे माझे मत आहे. इंडस्ट्रियल आणि इंडस्ट्रियस हे दोन्ही शब्द उद्यमशीलता सांगणाऱ्या एकाच लॅटिन शब्दापासून आले. तरीही बुटीबोरीची कारखान्यांची वसाहत इंडस्ट्रियल आणि भर उन्हात ओटी बांधून कापूस वेचणारी बाई इंडस्ट्रियस, हे वापरानेच ठरते. काही ठिकाणी मात्र मूळ खरोखर कामी येते. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यापेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता ‘स्टेशनेरियस’ म्हणवला जाई; त्यामुळे वह्या-पेनांची स्टेशनरी आणि जागचे न हलणारे स्टेशनरी यांचे नाते उमगते. स्पेलिंगसाठी सरांची खूण साधी होती: एन्व्हलपचा ‘ई’ वह्या-पेनांच्या स्टेशनरीत घाला, ‘ए’ दुसऱ्याला द्या.

पुढे मी न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतरात पडलो आणि ही रेघ रोज ओढावी लागली. न्यायाधीशाने दिलेला निर्णय ज्युडिशियल असतोच; तो ज्युडिशस, म्हणजे सारासार विचाराचा आहे की नाही, याबद्दल दोन्ही पक्षकारांचे एकमत सहसा होत नाही! अफेक्ट (परिणाम करणे) आणि इफेक्ट (परिणाम) ही जोडी सर ‘पहिले क्रियापद, दुसरे नाम’ एवढे सांगून सोडून देत. शाळेपुरते ते पुरेसे होते. जमिनीच्या कागदांत मात्र इफेक्ट क्रियापद म्हणूनही येते आणि तिथे त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असा होतो. त्यामुळे पहिले अक्षर चुकले, तर जे हस्तांतरण करून द्यायचे असते, त्या हस्तांतरणावर नुसता परिणाम करायचा आहे, असे कागद सांगू लागतो.