आयटक आणि चाकणचा कंत्राटी कामगार

आयटकची, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची, स्थापना 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत झाली. लाला लजपत राय पहिले अध्यक्ष होते. उभारणीत पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी अग्रभागी होते. पुढे 1929 च्या नागपूर अधिवेशनात संघटना फुटली आणि खुद्द जोशीच बाहेर पडले. फुटीची ही परंपरा आपण आजही निष्ठेने जपली आहे.

आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कायम आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर काम करतात. मात्र कंत्राटी कामगाराची नोंद ठेकेदाराकडे असल्याने, त्याने मागणी नेमकी कोणाकडे करायची, हाच पहिला प्रश्न ठरतो. त्यात औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपात करण्यापूर्वी वा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारी परवानगी घेण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली असून संपापूर्वी किमान 14 दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. केंद्रीय महासंघ याविरुद्ध देशव्यापी संप पुकारतात, ते योग्यच आहे. तथापि, कायम कामगारांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संघटनांनी कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्यात फार उशीर केला, असे मला वाटते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तर, ज्यांना ठरावीक मालकच नाही अशा कष्टकऱ्यांना पुण्यातच संघटित करून दाखवले होते.