चार ओंडके

सिएटलहून पहाटे पाचला निघालो. गाडीत थर्मासभर चहा, डब्यात थालीपीठं आणि मागच्या सीटवर हार्ड हॅट. 2025 च्या जुलैतला शनिवार. कॅस्केडच्या डोंगरात अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस हे राखीव रान आहे, तिथे दिवसभराचं श्रमदान होतं. हिवाळ्याच्या वादळांत उन्मळलेली झाडं पायवाटेवर आडवी पडतात, ती कापून वाट मोकळी करायची. एका स्वयंसेवी संस्थेबरोबर मी सहा वर्षं हे काम करतोय.

वाटेच्या तोंडाशी पोचलो तर सगळे शेडबाहेर उभे. करवती आत, दाराला कुलूप. दरवर्षी ते कुलूप उघडायला वनखात्याची एक बाई असायची. कोणती वाट खचली, कुठल्या ओढ्याला पाणी जास्त आहे, हे तिला तोंडपाठ होतं. तिला फेब्रुवारीत कामावरून काढलं. त्या महिन्यात फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वनखात्याने, सुमारे 3,400 आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसने सुमारे 1,000 माणसं कमी केली. बहुतेक प्रोबेशनवरची. प्रोबेशनवर म्हणजे नवशिकी, असं नव्हे. ही बाई कित्येक उन्हाळे हंगामी म्हणून राबली, आदल्याच वर्षी कायम झाली, आणि कायम झाली म्हणूनच प्रोबेशनवर आली. पुढे कोर्टाच्या आदेशांनी काही जण परतले. ती परतली नाही.

वनखात्याच्या दुसऱ्या ठाण्यावरून किल्ली यायला अडीच तास लागले. आलेला मुलगा एकटाच दोन ठाणी सांभाळत होता. त्याच्यावर कसलं चिडायचं!

वाइल्डरनेसमध्ये 1964 च्या कायद्याने यंत्राची करवत चालत नाही. दोघांनी ओढायची लांब करवतच लागते. आमची क्रू लीडर सत्तरीची. तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "फक्त ओढ. ढकलू नकोस. परत नेणं माझं काम." हात लयीत आले की करवत गायला लागते. पात्याला नीट धार लावलेली असेल तर भुसा पडत नाही, लाकडाचे लांब दोरे निघतात, थेट शेवयांसारखे. डग्लस फरच्या ओल्या लाकडाचा संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. मध्यावर पोचलो तेव्हा ओंडका पात्यावर दाबून बसला. तिने वर पाचर ठोकली, कान लावून लाकडाची कुरकुर ऐकली, मगच पुढे ओढायला सांगितलं.

ही करवत कुणीही हातात धरायची नसते. त्यासाठी प्रशिक्षण आणि वनखात्याचा दाखला लागतो. परीक्षा घेणारी माणसंच गेल्यामुळे आमच्यातल्या तिघांचा दाखला लटकला होता. तिघंही धडधाकट, उत्साही. दिवसभर फांद्या ओढत राहिली. "सरकारी माणसं कमी झाली तर स्वयंसेवक आहेतच की," असं बोलणारे भेटतात, त्यांना मला हेच दाखवायचंय. आम्ही त्या माणसांच्या जागी उभे नसतो, त्यांच्या खांद्यावर उभे असतो. पैशाचंही तसंच. याच डोंगरांतून मेक्सिको ते कॅनडा अशी 4,265 किलोमीटरची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही पायवाट जाते. तिची देखभाल करणाऱ्या संस्थेला सरकारी निधी अडल्यामुळे त्या वर्षी कामाचे कितीतरी आठवडे रद्द करावे लागले. येणारे लोक मात्र कमी नव्हते. 2024 मध्ये राष्ट्रीय उद्यानांना 33 कोटींवर भेटी झाल्या, तोवरच्या सर्वाधिक.

राजगडावर टाक्यातला गाळ काढायला जायचो, तेव्हापासून हातांना या कामाची ओढ आहे. परक्या देशातला हा डोंगर त्यामुळेच मला परका वाटत नाही, आणि त्या बाईची जागा रिकामी दिसली तेव्हा पोटात खड्डा पडला.

संध्याकाळपर्यंत अकरांपैकी चार ओंडके झाले. पाचव्याला वळसा घालून लोकांनी आत्ताच नवी वाट पाडली होती, रानफुलांच्या ओल्या कुरणातून, वीतभर खोल चिखलाची. क्रू लीडर तिथे वाकली, तुडवलेलं एक रोप बोटांनी सरळ केलं, आणि वहीत त्या जागेची नोंद केली. ती नोंद पूर्वी ती त्या बाईला द्यायची. आता वही तिच्याच सॅकमध्ये राहिली.