गडग्याकडचं बिननावाचं झाड

गोव्यात डिचोलीतलं घर घेतलं ते मागच्या परसासकट, आणि त्या परसात चिऱ्याच्या गडग्याला लागून एक झुडूप उभं होतं, माझ्यापेक्षा हातभर उंच, बारा महिने हिरवंगार, पण ना फूल ना फळ. आधीच्या मालकांना विचारलं तर म्हणाले वडिलांच्या वेळेपासून आहे, नाव काय ते माहीत नाही. माळ्याचं एकच, "रान आहे वहिनी, काढूया, तिथे जास्वंद लावा."

मला काही ते पटेना. फोनवरच्या अ‍ॅपला फोटो दिला तर एकदा जांभूळ सांगितलं, एकदा करवंद. करवंद तर नव्हेच, काटे नाहीत, पान तोडलं तर चीक नाही. जांभळासारखी पानं समोरासमोर होती खरी, पण जांभळाचं पान चुरगळलं की वास येतो, याला वासच नाही. उन्हात धरून बघितलं तर पान जाड, चामड्यासारखं, मधली शीर तेवढी ठळक, बाजूच्या जवळजवळ दिसतच नाहीत. आणि जुन्या फांद्यांवर, जिथली पानं कधीच गळून गेलीत तिथे, बारीक बारीक गाठी. मला वाटलं कीडच लागली, निंबोळीचं तेल फवारायचं ठरवलंही होतं, बरं झालं राहून गेलं.

कारण मार्चमध्ये एका सकाळी त्या गाठीच उमलल्या. निळी फुलं!! थेट फांदीला चिकटून घोसच्या घोस, चिमुकल्या चार पाकळ्या, आत आठ पुंकेसर, तेही निळेच. शेजारच्या काकी गडग्यावरून डोकावून म्हणाल्या, "अगो, ही तर अंजनी!"

अंजनी, म्हणजे मेमेसायलॉन अम्बेलेटम. खानदेशातला अंजन वेगळा हं, तो मोठा वृक्ष, त्याची पानं जोडीजोडीने जुळलेली, नावामुळे माझाही आधी घोळ झाला. हिचं लाकूड इतकं टणक की इंग्रजीत आयर्नवुड म्हणतात, पानांपासून पिवळा रंगही करायचे. फुलं जुन्या लाकडावर येतात, म्हणजे पावसाळ्याआधी मी "नीट आकार देऊया" म्हणून छाटली असती तर तो सगळा बहर कोयत्याखाली गेला असता, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

आपल्याकडच्या जांभ्या डोंगरावर ही आपसूक उगवते. त्यामुळे मला आता वाटतं, हिला कुणी लावलंच नसावं, गडगा घालणाऱ्याने तेवढी जागा सोडून चिरे रचले असावेत. तिथे खरंच गडगा थोडा वाकडा आहे.